सायकलला कर्ज कशाला?

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच छापलं आहे, थोडं आवरून.)



अध्यक्षताई मला म्हणाल्या, "वर्षभर सायकलवर फिरतेस, त्याचे चार अनुभव सांग. जेवणाआधी वीस मिनिटं आहेत, बायका जरा हसतील असं बोल." प्रयत्न करते. पण मधे एक गोष्ट अशी आहे की ती हसण्यासारखी नाही. ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही मला सायकलवरच ओळखता. कितीतरी मावश्यांना माझं नाव अजून माहीत नाही. "सायकलवाली पोरगी आली गं, सतरंजी टाका," एवढं मात्र माहीत आहे. मला आवडतं ते. पहिल्या महिन्यात आवडत नव्हतं. सोलापुरात राहून एमएसडब्ल्यू केलेलं, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, आणि खाली लेडीज सायकल, तीही भावाच्या मुलीची, हँडलला गुलाबी झालर असलेली. गावात शिरायच्या आधी मी ओढ्याजवळ उतरायची, सायकल हातात धरून चालत यायची. म्हणजे लोकांना वाटावं, मॅडम सहज पाय मोकळे करत आल्या. एकदा एका आजींनी विचारलं, "पंक्चर हाय का बाई?" मी म्हटलं, नाही. "मग वढतीस कशाला?" त्या दिवसापासून मी गावात सायकलवर बसूनच शिरते.

सायकल मी शिकले वडिलांच्या मोठ्या सायकलवर. सीटवर बसले तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत. तुमच्यातल्याही काही जणी तशाच शिकल्या असतील. आणि मग सातवी-आठवीत एक दिवस घरच्यांनी सांगितलं असेल, आता बास. माझं कुणी बास केलं नाही, एवढाच तुमच्या-माझ्यातला फरक.

माझ्याकडं सात गावं आहेत. सगळ्यात जवळचं चार किलोमीटर, लांबचं अकरा. नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी विचारलं, बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात झालीय, मग सायकल कशाला? खरं आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे, आणि त्याचा फायदा मीही घेते. पण जरा आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एसटी कुठून कुठं जाते? गावातून तालुक्याला. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि आपली कामं कुठं असतात? या गावातून शेजारच्या गावात, या वस्तीवरून त्या मळ्यात, अंगणवाडीतून उपकेंद्रात. म्हणजे एसटी उभी धावते आणि बाई आडवी चालते. आडव्या रस्त्याला एसटीच नाही, तर तिकीट अर्धं काय आणि फुकट काय! तिथं वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. रात्री बैठक लांबली की तीही नाही.

म्हणून सायकल. आता तिचे चढ-उतार सांगते.

पहिलं म्हणजे वारा. तुम्ही म्हणाल वाऱ्याचं काय एवढं? पायी चालणाऱ्याला तो कळत नाही, मोटारसायकलवाल्याला तर नाहीच नाही. तो फक्त सायकलवालीला कळतो. मृग लागला की श्रावण सरेपर्यंत आपल्याकडं वारा पश्चिमेचा. माझी गावंही पश्चिमेला. सकाळी जाताना तो छातीवर हात ठेवून मागं लोटतो. कालव्याच्या कडेचा रस्ता उघडा, आडोसा नाही. चार किलोमीटरला कधी कधी चाळीस मिनिटं लागतात. पण संध्याकाळी परत येताना तोच वारा पाठीवर. पायडल न मारता अर्धा रस्ता कटतो. थंडीत मात्र वारा पडलेला असतो, तेव्हा जाणं-येणं सारखंच. बैठकीची वेळ मी आता ऋतू बघून देते. तुम्हाला वाटतं ताईंचं वेळापत्रक महासंघ ठरवतो. वारा ठरवतो.

कालव्याच्या पुलाचा चढ आहे ना, तिथं मी उतरते. दोन वर्षं झाली तरी उतरते. लाज वाटत नाही. गुडघे दुखायचे म्हणून सायकल दुकानदाराला दाखवली, त्यानं सीट चार बोटं वर घेतली. पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे, नुसता थोडासा वाकलेला. आपण बायका पडायच्या भीतीनं सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे धरून बसतो. घरी सायकल असेल तर आज जाऊन बघा.

काट्यांचं काय सांगू. वेड्या बाभळीचं कुंपण तोडतात आणि रस्त्यावरून ओढत नेतात, फांदी जाते आणि काटे आपल्याला राहतात. पायवाटेला सराटे. पहिल्या तीन महिन्यांत अकरा पंक्चर झाली. वहीत लिहून ठेवलेत. बाराव्या वेळी दुकान बंद होतं म्हणून दुकानदाराच्या बायकोनं काढून दिलं, आणि मी तिच्याकडूनच शिकले. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची, बुडबुडे येतील तिथं खूण. मग ती जागा कोरडी करून घासायची, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही. ओलं असताना पॅच चिकटवला की संध्याकाळपर्यंत सुटलाच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. काटा तिथंच टोक वर करून बसलेला असतो. तो काढला नाही तर शंभर पॅच लावा, उपयोग नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की मला खरी भीती वाटते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, ड्रायव्हरच्या कानाशी गाणी. आपली घंटी त्याला ऐकू येत नाही. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते, तिथं आपण असलो तर संपलं. मी सरळ खाली उतरते, मातीत उभी राहते, ते गेलं की पुढं. रस्त्यावर ओलं वाढं पडलेलं असेल तर ब्रेक दाबायचा नाही, चाक सटकतं. मी सटकलेय. सॅकमधल्या व्यवहार नोंदवह्या पाटात गेल्या होत्या. एका गटाचं मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचताना पानं फुगलेली दिसतात ना, ते मी इस्त्रीनं वाळवलंय. तेव्हा गावातल्या एका काकूंनी विचारलं, "पैशे तर नव्हते ना त्यात?" नव्हते. गटाचे पैसे मी सायकलवरून कधीच नेत नाही. बँकेत तुम्ही दोघींनीच जायचं, हा नियम यासाठी आहे.

आषाढात पालखी येते तेव्हा मात्र सायकलचं राज्य असतं. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, सगळा मोठा रस्ता गाड्यांना बंद. साहेब लोक गाडीत अडकून बसतात, आणि मी वारकऱ्यांच्या कडेकडेनं सायकल हातात धरून दोन गावं करून येते. एका माउलींनी त्यांची पडशी माझ्या कॅरिअरवर ठेवली आणि दोन किलोमीटर सोबत चालल्या. मुक्कामाच्या गावी पोचल्यावर चहा पाजला.

लोक बोलतात, ते सांगायलाच नको. मोटारसायकलवरची पोरं कट मारून जातात. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "नोकरीवर गाडी देत नाहीत का?" वडील म्हणाले, "देतात की, दोन चाकांची." पाहुण्यांचा निरोप आला नाही. आई आठ दिवस वडिलांशी बोलली नाही. असो.

आता ती गोष्ट.

आपल्या एका गटातली ताई आहे. नाव सांगत नाही, पण तिनं सांगायला परवानगी दिलीय, आणि ती आज इथं बसली आहे. दोन वर्षांपूर्वी, मी नोकरीला लागून चारच महिने झाले होते. भाद्रपदातली बैठक. तिनं अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. रक्कम पाच हजार. कारण, सायकल घेणे.

गटात जरा हसू झालं. कुणी म्हणालं, "पोराला?" ती म्हणाली, "नाही, मला." मग जास्तच हसू झालं. ती पाच किलोमीटरवरच्या गावात डाळिंबाच्या बागेत रोजानं जायची. सचिवताईंनी माझ्याकडं बघितलं. मी नवीन, प्रशिक्षण ताजं, तोंडात सगळं पाठ. मी म्हणाले, "आपण उत्पन्न वाढवणाऱ्या कामाला आधी कर्ज देऊ. शेळीला, शिलाई मशीनला, बियाण्याला. सायकल ही वापराची वस्तू आहे." असंच्या असं वाक्य आहे, इतिवृत्तात लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. अर्ज मागं पडला. त्या महिन्यात ते पैसे एका घरच्या बारशाला दिले गेले. बारशाला देऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण तेव्हा मी गप्प होते, हे मला आठवतं.

पुढं पौषातली बैठक. सकाळची होती, ती पाऊण तास उशिरा आली. वडाप भरलं नव्हतं म्हणून आदल्या दिवशी तिचा खाडा झाला होता, तो भरून काढायला पहाटे चालत जाऊन दोन तास काम करून, मालकाला सांगून, परत चालत बैठकीला आली होती. पायाला माती. आपला नियम आहे, अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला की दहा रुपये दंड. गटानं दंड सांगितला. तिनं कनवटीची नोट काढून दिली, काही बोलली नाही. सचिवताईंचा हात दुखत होता म्हणून दंडाची नोंद मी केली.

बैठक संपली, मी बाहेर आले. माझी सायकल दाराशी उभी होती. ती ताई तिच्या शेजारून गेली. जाताना तिनं सीटवर नुसता हात फिरवला, धूळ झटकावी तसा. "ताई, हवा कमी झालीय पुढल्या चाकात," म्हणाली, आणि गेली.

मला त्या दिवशी घरापर्यंत सायकलवर बसवेना. म्हणजे बसले, पण सगळा रस्ता तेच डोक्यात. मला कामाला वेळेवर पोचायला सायकल लागते. मी ती वापराची वस्तू म्हणून घेतली नव्हती, कामाचं साधन म्हणून घेतली होती. मग तिची वापराची कशी?

आणि आणखी लाजेची गोष्ट सांगू? कॉलेजात असताना मला हे शिकवलं होतं. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. कोरडा, गरीब, खडीच्या खाणी असलेला. तिथं १९९१ च्या सुमाराला साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकत नावाच्या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी आणि मोहिमेतल्या लोकांनी ठरवलं की बाईला अक्षरं शिकवायची तशी सायकलही शिकवायची, कारण जिला कुठं जाताच येत नाही ती वर्गाला तरी कशी येणार? सायकल घ्यायला बायकांना कर्जं मिळवून दिली. खडी फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून पुरुषांच्या घेतल्या. काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलंय, त्यांच्या पुस्तकातही आहे. मी परीक्षेत यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आठ मिळाले होते. आणि गटात बसल्यावर म्हणाले, वापराची वस्तू.

पुढच्या बैठकीत मी आधी माझं चुकलं ते सांगितलं, मग फळ्यावर हिशोब मांडला. तोच इथं तोंडी सांगते, मनात जोडत चला. वडापला जाताना पंधरा, येताना पंधरा, रोजचे तीस. महिन्याला बावीस दिवस काम धरलं तर ६६० रुपये. सायकल ५,८०० ची. ८०० तिचे स्वतःचे, ५,००० गटाचे. व्याज शेकडा एक रुपया महिना, हप्ता ५०० चा, म्हणजे दहा महिन्यांत फिटतं. व्याज दर महिन्याला उतरत जातं, पहिल्या महिन्याला ५०, शेवटच्याला ५. बेरीज २७५. तेही आपल्याच गटात राहतं. सगळे मिळून ६,०७५. भाग ६६० नं. सव्वानऊ महिने. पंक्चर, तेल धरा, दहा महिने. त्यानंतर ६६० रुपये दर महिन्याला तिचे. आणि वडाप न भरल्यामुळं होणारे खाडे यात धरलेलेच नाहीत.

फळ्याकडं बघत सगळ्या गप्प. मग एक मावशी म्हणाल्या, "शेळी मरती तरी. सायकल मरत न्हाई." ठराव एकमतानं झाला. दहा रुपयांच्या दंडाचा विषयही मीच काढला. गट म्हणाला, नियम तो नियम, दंड परत नाही. ताईही म्हणाली, "राहू दे." मला तेही पटलं. नियम मोडायला ती आलीच नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, सायकल आली आणि झालं. कुठलं! तिला येतच नव्हती. एक्केचाळीसाव्या वर्षी शिकायला सुरुवात. रविवारी पहाटे, कालव्याच्या कडेला, कुणी बघायच्या आत. मी मागून कॅरिअर धरून पळायची. पहिल्या रविवारी पदर चेनमध्ये गेला, साडी फाटली. दुसऱ्या रविवारी बाभळीत. तिसऱ्या रविवारी कोपर सोलवटलं, आणि घरी नवऱ्यानं विचारलं, "हौस फिटली का?" त्यानंतर दोन रविवार ती आलीच नाही. मला वाटलं संपलं. सहाव्या रविवारी आली, मुलीचा पंजाबी ड्रेस घालून. ओढणी कमरेला गच्च बांधलेली. म्हणाली, "आज धरू नका." मी धरलं नाही. ती पुलापर्यंत गेली, वळता येत नव्हतं म्हणून थांबली, उतरली, सायकल उचलून तोंड फिरवलं आणि परत आली. वळायला तिला अजून आठ दिवस लागले.

कर्ज फिटलं. एक हप्ता चुकला, सासूच्या आजारपणात, तो पुढच्या महिन्यात दुप्पट भरला. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. चिखलाच्या दिवसांत ती अजून चालतच जाते, कारण बागेकडचा शेवटचा रस्ता मातीचा आहे, चाकात चिखल भरतो. गावातल्या दोघी-तिघी अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत. नवरा आता सायकल स्वतः वापरायला मागतो, आणि त्यावरून घरात रोज वाद आहे. परवा तिनं कुलूप आणलं. किल्ली गळ्यात, मंगळसूत्राच्या दोऱ्याला.

त्याच गटात यंदा आणखी तीन अर्ज आलेत. एक आशाताईंचा, एक शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंचा, एक दूध घालायला जाणाऱ्या वहिनींचा. तिसऱ्या अर्जावर चर्चा चालू आहे, कारण चाळीस लिटरचा कॅन कॅरिअरवर तोल धरेल का हा प्रश्न खरा आहे. माझं मत, नाही धरणार. दहा-दहाच्या दोन किटल्या दोन बाजूंना लावल्या तर धरेल. पण ठरवायचं त्यांनी.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर कारणाच्या रकान्यात नुसतं "सायकल" लिहू नका. कुठं जायचं, रोज किती किलोमीटर, आता किती भाडं जातं, महिन्यात किती खाडे होतात, ते चार आकडे लिहा. समन्वयक म्हणाली की ही वापराची वस्तू आहे, तर तिला विचारा, तुम्ही कशावरून आलात.

शेवटचं. कालव्याच्या कडेला रविवारचा वर्ग अजून चालू आहे. सकाळी सहाला, पुलाच्या अलीकडं, वडाच्या झाडापाशी. सध्या सायकली तीन आहेत, त्यातली एक माझी, झालर काढलेली. साडीत यायचं असेल तर खालून घट्ट खोचून, काष्टा घातला तर उत्तम. पायात चप्पल नको, मागं पट्टा असलेलं काहीतरी. घमेलं, पंप आणि सोल्युशन मी आणते. मागून धरायला आता ती ताई असते.